अर्धेलीची मांजरं

त्या वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आमच्या पडवीत मांजराची पाच पिलं होती आणि ती माझी नव्हती. यातलं दुसरं मला त्या महिन्यात इतक्या वेळा म्हणावं लागलं की शेवटी मी ते मान वर न करता म्हणायला शिकले. दारावरून जाणारा माणूस थांबायचा, आत डोकवायचा, "शैला, गंज मांजरी पाळ्यात व तू," असं पिलं मोजत म्हणायचा, आणि मी पिलाच्या तोंडात दुधाचा थेंब सोडता सोडता सांगायची, "मन्ह्या नहीत. अर्धेलीन्या शेत." माझी नाहीत, अर्धेलीची आहेत, एवढंच. मग तो हसायचा. एकाने विचारलं होतं, "मंग अर्धी कोन्ही? पुढली का मांगली?" मी म्हटलं, "मांगली तुन्ही. रोज धुवाले येत जाय." तो पुन्हा थांबला नाही.

अर्धेली म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. आमच्याकडे एखाद्याजवळ शेळी किंवा पारडी असते आणि तिला घालायला चारा नसतो. तो ती दुसऱ्याच्या दावणीला बांधतो. दुसरा पाळतो, आणि पुढे जी पिलं होतील ती दोघांत अर्धी अर्धी. कागद नाही, सही नाही. पण नियम पक्के. अर्धेलीचं जनावर पाळणाऱ्याने मालकाला न विचारता विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, दारातून हाकलायचं नाही. मेलं तर मालकाला नेऊन दाखवायचं, नुसतं तोंडाने सांगून चालत नाही. पिलांचं दूध तुटल्याशिवाय वाटणी करायची नाही. आणि वाटणीच्या वेळी पाळणाऱ्याने दोन वाटे मांडायचे, मालकाने आधी उचलायचा. गावात यावरून भांडण झालं की माझ्या वडिलांना, आबांना, बोलावणं यायचं. आबा फार बोलत नसत. ते दोन्ही बाजूंना तीन-चार प्रश्न विचारायचे आणि उठताना निकाल सांगायचे. त्या निकालावर पुन्हा कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

माझी बारावीची परीक्षा संपली होती. निकाल लागायचा होता, आणि निकाल काहीही लागला तरी पुढे काय करायचं ते घरात ठरलेलंच होतं. मायने माझ्या नावाने दोन साड्या बाजूला ठेवल्या होत्या. अशा दिवसांत मुलीला घरात बसवून पापड लाटायला लावतात, तशी मी लाटत होते. आमच्या म्हशीने चारा सोडला म्हणून आबांनी मला औषधाची पुडी आणायला सायकलवर ढोरांच्या दवाखान्यात पाठवलं. सात किलोमीटर. ऊन असं की हँडलला फडकं गुंडाळावं लागायचं.

दवाखान्याच्या फाटकाशी सिमेंटच्या पोत्याभोवती चार माणसं उभी होती. पोत्यात मांजराची सहा पिलं होती, डोळे नुकते उघडलेले. कुणी तरी पहाटे टाकून गेलं होतं. तिथले ड्रेसर, म्हणजे जनावरांच्या जखमा बांधणारे, रायसिंगभाऊ, पोत्याशी उकिडवे बसले होते. ते वर डोंगरातले, पावरा आदिवासी. काठी गावच्या होळीला गेले की आठ दिवस सापडायचे नाहीत, एरवी मात्र रात्रंदिवस दवाखान्यातच. त्यांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं, "कोनी सांभाळी का? महिनाभर. मंग मी देखसू." एक शेतकरी म्हणाला, "नालामा फेकी दे." दुसऱ्याने माझ्याकडे हनुवटी केली. "हाई पोरले दे. लगीन लागस तथलोंग खेळाले काही तं पाहिजे."

मला दया आली असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, कारण ती आली नव्हती. मला राग आला. मी म्हटलं, "आना इकडे." रायसिंगभाऊंनी मला तिथेच, सगळ्यांसमोर, काही न लाजता शिकवलं. गाईचं दूध नको, शेळीचं घे, त्यात थोडं पाणी. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने पाज, दर तीन तासांनी. पाजून झालं की ओल्या कापसाने शेपटीखाली पुसायचं, आई जिभेने पुसते तसं, नाही तर पिलं मुतत नाहीत आणि मरतात. "सहामांगली अर्धी जगन्यात तरी गंज झायं," ते म्हणाले. मी विचारलं, "घरी काय सांगू?" ते हसले. "सांग, अर्धेलीवर आनेल शेत. अर्धी तुन्ही, अर्धी मन्ही." बाकीचे चौघंही हसले. मी हसले नाही. ठरलं, असं म्हणून मी पोतं सायकलच्या कॅरियरला बांधलं.

घरी मी अर्धेलीवर आणल्याचं सांगितलं. आबांनी पोत्यात एकदा पाहिलं, "अर्धेली?" असं विचारलं आणि म्हशीकडे गेले. मायने एवढंच सांगितलं, "चूलजोगे आनजो नको." मी पिलं पडवीत रांजणाच्या आडोशाला ठेवली. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पत्र्याखाली बसवत नाही. रांजण पाझरायचा तिथली जमीन तेवढी गार. आंब्याचं खोकं, त्यावर ओलं गोणपाट, आत मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. एक पिलू तिसऱ्या दिवशी गेलं. उरलेली पाच जगली. मसाला कुटायच्या दिवशी उखळाचा आवाज, मिरचीचा खकाणा, माय शिंकते आहे, मी शिंकते आहे, आणि खोक्यात पाच पिलं एकापाठोपाठ एक शिंकताहेत, असं आमच्या घरात चाललं होतं. मी त्यांना नावं ठेवली नाहीत. दोन काळ्या, एक तांबडी, एक ठिपक्यांची, एक राखी. ओळखायला तेवढं पुरतं.

आता मी अक्कलकुव्यात राहते, हायवेपासून दोन गल्ल्या आत. ट्रकखाली मांजर आली की तासाभरात कुणी तरी खोकं घेऊन दारात उभं असतं, नाही तर मोबाइलवर फोटो येतो, 'ताई, चार आहेत, आई गेली'. मी दोन महिने सांभाळते, खाती-पिती झाली की चांगलं घर बघून देते. आजवर एकही ठेवून घेतलेली नाही. लोकांना वाटतं मला मांजरांचा लळा आहे. मला वेळेवर दूध पाजता येतं, एवढंच. देताना मी अटी घालते. परवा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "ताई, मांजर देताय की मुलगी देताय?" मी म्हटलं, मुलगी देताना कुणी एवढं विचारत असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मांजर नेली. हल्ली व्हिडिओ पाठवतात.

तर अखाजी. आमच्याकडे दिवाळीपेक्षा अखाजी मोठी. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, दिवसभर दोराची करकर आणि गाणी. घरोघरी चुलीवर खापर पालथं पडतं आणि त्यावर मांडे भाजतात. माय दोन्ही हातांवर पुरणाचा गोळा फिरवत फिरवत मनगटापासून कोपरापर्यंत पसरवायची आणि तो रुमालासारखा खापरावर सोडायची. तिच्या हातावरची लव त्या दिवसांत जळून जायची. आणि सकाळी, कुणी जेवायच्या आधी, पितरांची घागर भरायची. नवी मातीची घागर, तिच्या तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, पुढे ताट. घरात जे गेलेत ते त्या दिवशी पाणी प्यायला येतात, असं.

माझी फुई, म्हणजे आबांची थोरली बहीण, दर अखाजीला शहाद्याकडून यायची. लहान चणीची, पण ती आली की घरातली भांडीसुद्धा सरळ उभी राहायची. आदल्या दिवशी तिने पिलांचा आवाज ऐकला, खोक्यात पाहिलं आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "भाऊ, पोरना हातमा पाळना पाहिजे तं तू मांजरी दिन्ह्यात?"   मी गोणपाट पुन्हा ओलं केलं.

अखाजीच्या सकाळी आबांनी घागर मांडली. फुईने ताट वाढलं. सांजोऱ्या, तूप, आमरस. ती विस्तव आणायला चुलीकडे वळली तेवढ्यात तांबडी, जी दोन दिवसांपूर्वीच खोक्यातून चढून बाहेर यायला शिकली होती, उंबऱ्यावरून घसरत आत आली आणि तिने पुढचे दोन्ही पाय तुपात ठेवले. फुईची किंकाळी ऐकून झोक्यावरच्या मुली गायच्या थांबल्या.

"पितरस्ना ताटमा मांजर! वाटोळं करं हाई पोरनी! आते उपाशी जातीन त्या!" फुईने तांबडीला मानेला धरून उचललं आणि माझ्याकडे फेकलं. मी झेललं. "भाऊ, हाई घाण आत्तेच्या आत्ते घरभाईर काढ. नही तं मी चालनू. आज अखाजीले तुन्ही बहीण उपाशी जाई, देख मंग."

माहेरवाशीण अखाजीला न जेवता गेली तर त्या घराला तोंड दाखवायला जागा राहत नाही. आबांचा चेहरा मी पाहिला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शैला, पोतं आन."

पोतं म्हणजे काय ते मला माहीत होतं. नदीपलीकडे नेऊन तोंड सोडायचं. पिलं अजून स्वतःहून दूधही चाटत नव्हती. संध्याकाळपर्यंत पाचही गेली असती.

"नही," मी म्हटलं.

आबांना घरात कुणी तो शब्द बोललेला नव्हता. मायने खापरावरचा मांडा उलटायचा सोडून माझ्याकडे पाहिलं आणि मांडा करपला. अखाजीला करपलेला तो एकमेव मांडा असेल.

"पोतं आन म्हनी ऱ्हायनू ना."

"आबा, मांजरी मन्ह्या ऱ्हात्यात तं तुम्ही म्हनशात तसं करतू. त्या अर्धेलीन्या शेत. मालकले न पुसता काढता येत नही. तुम्हीच सांगतस."

फुई टाळी वाजवून हसली. "मांजरनी अर्धेली! येडी व्हयनी का काय पोर?"

आबा हसले नाहीत. ते घागरीशेजारी पाटावर बसले, आणि मला एकदम कळलं की ते गावात भांडण मिटवायला बसतात तसे बसलेत.

"मालक कोन?"

"दवाखानाना रायसिंगभाऊ."

"कितल्या आनेल व्हत्यात?"

"सहा."

"आते?"

"पाच."

 मग त्यांनी तोच प्रश्न विचारला जो ते नेहमी शेवटी विचारायचे, ज्याला बहुतेकांना उत्तर देता यायचं नाही. "मरी गयी तिन्हं काय करं?"

"दखाडी उनू."

ते खरं होतं. तिसऱ्या दिवशी पिलू मेलं तेव्हा मी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, पितळी डब्यात घातलं आणि त्या उन्हात सात किलोमीटर सायकल मारून दवाखान्यात नेलं. रायसिंगभाऊ एका बैलाच्या खुरात भरलेले किडे काढत होते. मी डबा उघडून पुढे केला. त्यांनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे हात बैलाच्या पायावर तसेच राहिले. "पोरी," ते म्हणाले, "अर्धेलीनी मी थट्टा करेल व्हती." मी म्हटलं, "मी नही." आणि डबा मोकळा करून, विहिरीवर धुऊन घरी आले. हे शेवटचं, थट्टेचं, मी आबांना त्या सकाळी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

आबा उठले. त्यांनी ताट उचललं, तूप-सांजोऱ्या म्हशीच्या घमेल्यात टाकल्या, आणि मायला म्हणाले, "दुसरं ताट वाढ." मग ते फुईकडे वळले. "अक्का, आपला बाप जनमभर दुसरास्नी ढोरं अर्धेलीवर पाळत ऱ्हायना. त्यान्हावरच आपू वाढनूत. आज मी अर्धेलीनं जनावर पोतामा भरीसन काढी दिधं, तं तो हाई घागरनं पानी पेवाव नही."

फुईने घागरीकडे पाहिलं. नंतर तिने पिशवी उचलली आणि ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. एस.टी.ला अजून दोन तास होते. आबा तिच्याकडे गेले नाहीत, मी तर मुळीच नाही. शेवटी माय ताट घेऊन गेली. चार मांडे, आमरसाची वाटी, कुरडई. "बाई, जेवी ल्या," ती म्हणाली. "मांजरीस्ले दूध मी नही देत, ती देस. तुम्हले मी वाढी ऱ्हायनू." फुई जेवली. पाठ आमच्याकडेच ठेवून, पण जेवली. वर आणखी एक मांडा मागून घेतला.

मी जिंकले असं मला तेव्हा वाटलं नाही. आबांनी निकाल मांजरांच्या बाजूने दिला नव्हता, माझ्याही नाही. अर्धेलीच्या बाजूने दिला होता. आणि ती अर्धेली खरी की थट्टा, हे सांगणारा माणूस अजून यायचा होता. अखाजीनंतर आबांनी रायसिंगभाऊंना निरोप धाडला, पिलांचं दूध तुटलं की वाटणीला ये. ते पंधरा दिवस मी पिलांना ताटलीतून चाटायला शिकवत होते आणि मनात एकच घोकत होते, की त्यांनी आबांसमोर हसू नये. हसले असते तर आबांच्या घरात माझा शब्द तिथेच संपला असता, आणि पिलांना तर त्याच संध्याकाळी पोतं होतं.

ते एका रविवारी आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, सायकलला बांबूची झाकणाची टोपली. आबा अंगणात खाटेवर बसले होते. पाणी झालं, चहा झाला, म्हशीची चौकशी झाली. मग आबांनी विचारलं, "रायसिंग, हाई अर्धेली खरोखर ठरेल व्हती का?"

रायसिंगभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. कपातला शेवटचा घोट प्यायला त्यांनी फार वेळ लावला. "आबा," ते म्हणाले, "वीस वरीस झायात, मी ढोरंस्मा काम करी ऱ्हायनू. लोके जगेल जनावर दखाडाले बी येतस नही. हाई पोर मरेल दखाडाले उनी. मंग ठरेलच म्हना ना." आणि कप खाली ठेवून विचारलं, "वाटनी कोनासंगे करू? तुम्हनासंगे?"

आमच्या गावात वाटणी पुरुषच करत. पाळणारी बाई असली तरी वाट्यांपाशी उभा राहायचा तो नवरा, नाही तर बाप. आबा खाटेवरून उठले. "पाळनारीसंगे," ते म्हणाले, आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले. म्हशीला अर्ध्या तासापूर्वीच पाणी दाखवलं होतं.

मी दोन वाटे मांडले. एकीकडे दोन काळ्या आणि राखी, दुसरीकडे तांबडी आणि ठिपक्यांची. पाचाचे याहून सारखे वाटे होत नाहीत. उचलायचा हक्क त्यांचा, त्यांनी तिघींचा उचलला, आणि मला ते आवडलं. लाजेखातर दोघींचा उचलला असता तर मला पुन्हा खेळणं दिल्यासारखं झालं असतं. टोपलीचं झाकण बांधून ते गेले. आबा गोठ्यातून म्हणाले, "आते बस. पुन्हा आनजो नको." मी हो म्हटलं नाही. आठ दिवसांनी मी दवाखान्यातूनच आणखी चार पिलं आणली. आबांनी खोक्यात पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कोन्ही?"

लग्न माझं पुढे झालं, व्हायचं तेव्हा, आणि बघायला आलेल्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं की माझ्याबरोबर खोकी येतील. दोन स्थळं त्यावरून गेली. तिसऱ्याने विचारलं, "किती खोकी?" त्याच्याशी केलं.

पण त्याआधी, त्याच वर्षीच्या भादव्यात, फुई अवेळी आली. ओट्यावर बसली, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली. ठिपक्यांची तोवर एका घरी दिली होती. तांबडी मात्र आमच्याकडेच चांगली मोठी झाली होती, तिने आमच्या दाण्याच्या कोठीत एक उंदीर ठेवला नव्हता. फुई तिच्याकडे बघत म्हणाली, "मन्हा घरमा उंदीरस्नी धुमाकूळ घालेल शे. हाई दे माले."

"देते," मी म्हटलं. "अर्धेलीवर."

"काय?"

"घरातून काढायची नाही. मला विचारल्याशिवाय कुणाला द्यायची नाही. पिलं झाली तर अर्धी माझी. मेली तर आणून दाखवायची."

हे मी मुद्दाम शाळेतल्या भाषेत बोलले, एकेक शब्द सुटा. फुईने आबांकडे पाहिलं. आबा दावं वळत होते, त्यांनी मान वर केली नाही. तिने मायकडे पाहिलं. मायला एकाएकी चुलीवर काही तरी आठवलं.

"बरं," फुई म्हणाली. तिने पिशवीतला डबा काढून बाजूला ठेवला, पिशवीचं तोंड उघडं धरलं. "टाक."

"पिशवीमा नही, फुई. टोपली आन."

घरात तीन टोपल्या होत्या, तिच्या डोळ्यांसमोर टांगलेल्या. मी एकीलाही हात लावला नाही. तिने थोडी वाट पाहिली, मग डबा पिशवीत परत घातला, चपला पायात सरकवल्या आणि एस.टी.कडे चालू लागली. दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीने ती टोपली घेऊन आली.